यादीत नाव लागलं, पण…

माझा वाढदिवस १९ जूनचा. २०२४ला अठरा पूर्ण झाली, पण लोकसभेचं मतदान महिनाभर आधीच उरकलं होतं. ते गेलंच. विधानसभा मात्र मिळणार होती आणि त्यावरून दादाचा नुसता जळफळाट. त्याचा जन्म ९ जानेवारी २००१चा. तेव्हा १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षीच्या मतदार यादीत नाव लागायचं. आठ दिवसांसाठी बिचाऱ्याची एप्रिल २०१९ची लोकसभाही हुकली आणि ऑक्टोबरची विधानसभाही. पुढे २०२१ला संसदेनं १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती केली आणि ऑगस्ट २०२२पासून वर्षाला चार अर्हता दिनांक, म्हणजे वय मोजायच्या तारखा, झाले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मी जुलैत बसले.

नवीन मतदार नोंदणीचा फॉर्म ६ मोबाइलवरच भरला. जन्मदाखला, आधार, घरातल्या मतदाराचा कार्ड नंबर म्हणून पप्पांचा. फोटो तेवढा चारदा काढावा लागला, दादा मुद्दाम हसवत होता. मग पडताळणीला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ताई आल्या. त्या आमच्याच अंगणवाडीच्या सेविका, मला खिचडी वाढलेल्या. तरी दाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली.

ऑगस्टअखेर अंतिम यादी लागली. नाव सापडलं. खाली बघते तर ‘पतीचे नाव’ आणि पुढे चक्क पप्पांचं नाव! आई हसून हसून बेजार. मी फॉर्म पुन्हा उघडून पाहिला, मी ‘वडील’च निवडलं होतं. बाईमाणसाच्या नावापुढे ‘पती’ टाकायची कुणाच्या तरी बोटांना सवयच असावी. मग दुरुस्तीचा फॉर्म ८, पुन्हा ताई, पुन्हा तोच दाखला. दुरुस्त कार्ड टपालानं आलं तेव्हा दसरा होऊन गेला होता.

२० नोव्हेंबरला आमचं केंद्र जिल्हा परिषद शाळेत, माझ्याच चौथीच्या वर्गात. अधिकाऱ्यांनी नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा उगाच छातीत धडधडलं. शाई लागली, बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात, मला तर चिन्ह बघेपर्यंत ती खाली पडलीसुद्धा.

बाहेर मदतीच्या टेबलावर ताई यादी घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “झालं का गं? आणि यजमान कुठायत?”