6 मिनिटं 48 सेकंद

ट्रेकचे पहिले तीन दिवस पावसात गेले. चौथ्या दिवशी ऊन पडलं, पण खिंडीत सेल्फीवाल्यांची इतकी गर्दी होती की मी थांबलेच नाही, सरळ उतरायला लागले. ओढ्यापाशी आले आणि पाय थबकले. पलीकडच्या कपारीत घरटं होतं. पक्षीण चोचीत किडा घेऊन यायची आणि चार पिवळ्या चोची एकदम वर उघडायच्या. अलीकडच्या काठावरूनच, मोठी लेन्स लावून, मी वीस मिनिटं फोटो काढत उभी होते.

माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. सॅकच्या वरच्या कप्प्यात जीपीएस रेकॉर्डर असतो. तो दर 5 सेकंदांनी अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदवतो आणि त्याची जीपीएक्स फाइल होते, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, ट्रॅक. रात्री मुक्कामी लॅपटॉपवर एक्झिफटूल चालवलं. फोटोसोबत साठलेली माहिती, म्हणजे एक्झिफ, वाचणारं आणि बदलणारं हे सॉफ्टवेअर. प्रत्येक फोटो कोणत्या वेळी काढला ते पाहून, त्या वेळी मी ट्रॅकवर कुठे होते ती जागा ते फोटोत लिहून टाकतं. ट्रॅकमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तो फरक लॅपटॉपच्या टाइमझोनवरून आपोआप जुळतो.

नकाशा उघडला आणि जीव खट्टू झाला. घरट्याचे पहिले फोटो वर उतारावर विखुरले होते, जिथे पाण्याचा टिपूस नाही. नंतरचे मात्र बरोबर ओढ्याकाठी. त्यापुढे साकवावर काढलेला फोटोही ओढ्याकाठीच! एकाच जागेवरचे निम्मे फोटो बरोबर आणि निम्मे चूक कसे, हे कळायला मला तासभर लागला. कॅमेऱ्याचं घड्याळ मागे होतं. पहिला फोटो काढला तेव्हा कॅमेऱ्याच्या हिशेबाने मी अजून वरच होते. नंतरच्या फोटोंना ती चूक बाधली नाही, कारण मी जागची हललेच नव्हते.

उपाय पहिल्या दिवशीच्या फोटोत सापडला. निघताना मी रेकॉर्डरच्या स्क्रीनचा एक फोटो काढते. स्क्रीनवर 7:42:10, फोटोच्या एक्झिफमध्ये 7:35:22. दोन वर्षांत मी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलंच नव्हतं. तुम्ही बाकी काही करू नका, पण तो एक फोटो काढाच. त्यात सेकंद दिसले पाहिजेत.

6 मिनिटं 48 सेकंदांचा फरक देऊन सगळं पुन्हा चालवलं. साकवाचा फोटो साकवावर गेला. ओढ्यापाशी नकाशा मोठा करून पाहिला, तर तिथे ट्रॅकची रेष सरळ नव्हतीच. उभं राहिलं तरी जीपीएसचे बिंदू थोडे इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे दोऱ्याचा गुंता व्हावा तसा तिथे गुंता झाला होता. माझी ती वीस मिनिटं. आणि घरट्याचे सगळे फोटो त्या गुंत्यात एकावर एक बसले होते. किती तरी वेळ मी ते बघत राहिले.

इथे टाकलेल्या फोटोंमधून मात्र जागा पुसली आहे. पिलं अजून घरट्यात असतील, आणि खिंडीतली ती गर्दी तिथून फार लांब नाही.