मूत्रपिंड गुलाबी होते ते पान

प्रत्यारोपण करणाऱ्या एका शल्यचिकित्सकाचे आत्मकथन वर्षभरात सहा जणांनी माझ्याकडून वाचायला नेले आणि परत करताना प्रत्येकाने आधी एकाच पानाचा विषय काढला. ओटीपोटात बसवलेल्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या जोडून झालेल्या असतात, रक्त अडवून धरणारा चिमटा (क्लॅम्प) काढला जातो, आणि बर्फात ठेवल्याने राखाडी, निस्तेज पडलेला तो मुठीएवढा अवयव बघता बघता गुलाबी आणि टणक होतो. थोड्याच वेळात मूत्रवाहिनीच्या टोकाशी पहिला थेंब जमतो. पान सुरेख उतरले आहे, यात वाद नाही. (रुग्णाची जुनी मूत्रपिंडे बहुधा काढत नाहीत, ती जागच्या जागी राहू देतात, हे मात्र निम्म्यांना ठाऊक नव्हते.)

वाद झाला तो अपयशांच्या प्रकरणावरून. अमेरिकी शल्यचिकित्सक टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केलेल्या पहिल्या यकृत प्रत्यारोपणातील रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला, पुढचेही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत आणि वर्षभर जगणारा रुग्ण दिसायला १९६७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी केपटाऊनमध्ये हृदय बदललेले लुई वॉशकान्स्की अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले, कारण नवे हृदय शरीराने नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्तीच दडपलेली होती. हे वाचून एक मैत्रीण संतापली. ‘दुसऱ्याच्या जिवावर शिकले की हे!’ अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केलेल्या माझ्या मावशीने तिला सुनावले, की त्या रुग्णांपुढे दुसरा मार्ग होता कुठे? मावशीचे म्हणणे मला पटते. तरीही मैत्रिणीचा राग मी मोडीत काढणार नाही, कारण दगावलेल्यांविषयी लिहिताना खुद्द लेखकाचीही लेखणी अडखळते.

सर्वांत सावकाश वाचले ते धाकट्या भावाला मूत्रपिंड दिलेल्या एका स्नेह्यांनी. ‘पान छानच आहे,’ ते म्हणाले, ‘पण त्या वेळी मी शेजारच्या थिएटरमध्ये होतो. मला टाके घालणे चालले होते.’ त्यांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते, की पुस्तकात दाता भूल देईपर्यंत दिसतो आणि मग नाहीसा होतो. १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावाला मूत्रपिंड देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर छप्पन्न वर्षे जगले, ती शस्त्रक्रिया करणाऱ्या जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. यांतले दुसरे आपल्याला चटकन आठवते, पहिले शोधावे लागते.

दात्याची प्रकृती ठीक असल्याचे लेखकाने एका ओळीत उरकले आहे. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले आढळले: ‘खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरत असे.’ मी ते खोडलेले नाही. सातव्या वाचकाकडे पुस्तक त्या टिपेसह गेले आहे.