तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दुसऱ्याचंच काय घेऊन बसता?

एप्रिल आला की हा प्रश्न येतोच. १५ तारखेला अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमधले झाडून सगळे खेळाडू जॅकी रॉबिन्सनचा ४२ नंबरचा शर्ट घालतात, टीव्हीवर दिवसभर तोच असतो, आणि आपल्या न्यू जर्सीच्या मंडळातलं कुणीतरी मला विचारतं, ‘तुम्ही सारखं त्या लॅरी डोबीचं काय घेऊन बसता हो? विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू रॉबिन्सनच ना?’

हो, पहिला रॉबिन्सनच. डोबी अकरा आठवड्यांनी आला. रॉबिन्सनला कमी लेखायचा विचार माझ्या मनाला कधी शिवलेला नाही. डोबी पॅटर्सनमध्ये वाढला म्हणून मला न्यू जर्सीचा पुळका येतो, असंही काहींना वाटतं. पण नुसता पुळकाच असता तर तो रॉबिन्सनलाही पुरला असता. माँट्रियलच्या संघाकडून त्याचा पहिला सामना १९४६ साली आपल्या जर्सी सिटीतच झाला होता.

फरक त्या माँट्रियलच्या वर्षातच आहे. ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या ब्रँच रिकीनं रॉबिन्सनला आधी एक आख्खा मोसम खालच्या लीगमध्ये खेळवलं, काय काय सोसावं लागेल ते बजावून ठेवलं. डोबीला एक दिवस मिळाला. ४ जुलै १९४७ ला तो न्यूअर्क ईगल्सकडून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगमधल्या संघाकडून, शेवटचं खेळला, आगगाडीत बसला, आणि ५ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये क्लीव्हलँडचा खेळाडू म्हणून उभा होता. वय २३. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये त्या दिवसापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

लू बूड्रो हा क्लीव्हलँडचा कप्तानही होता आणि मॅनेजरही. त्यानं डोबीला खोलीतल्या एकेका खेळाडूसमोर नेलं, ओळख करून दिली. काहींनी हात मिळवला. काहींनी बोटं टेकवल्यासारखं केलं. काहींनी हात पुढे केलाच नाही. हे तुम्ही वाचलं असेल. मला त्यानंतरचं जास्त लागतं. सामन्याआधी खेळाडू जोडीजोडीनं चेंडू फेकाफेकी करतात, खांदे मोकळे करतात. ते एकट्यानं करताच येत नाही. समोर कुणीतरी लागतं. सगळ्यांच्या जोड्या जमल्या आणि हा हातात ग्लव्ह घेऊन बाजूला उभा राहिला. एक मिनिट नव्हे, कित्येक मिनिटं, सगळ्या प्रेक्षकांसमोर. आदल्या दिवशीपर्यंत ज्या संघाचा तो लाडका होता, तो संघ शेकडो मैल लांब होता. शेवटी जो गॉर्डननं त्याला हाक मारली आणि चेंडू फेकला. गॉर्डन सेकंड बेसवर खेळायचा, आणि डोबीची जागाही तीच. म्हणजे ज्याची जागा जाऊ शकली असती, तोच एकटा पुढे आला. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

सातव्या इनिंगमध्ये डोबीला पिचरच्या जागी बॅटिंगला पाठवलं. तो स्ट्राइक आउट, म्हणजे बाद, झाला. मुक्काम संघाच्या हॉटेलात नाही, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या वेगळ्या हॉटेलात. त्या वर्षी तो बहुतेक वेळ बाकावरच बसून होता: ३२ वेळा बॅटिंग, ५ हिट. रॉबिन्सन त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, ठरला. डोबीचं ते वर्ष कुणी साजरं करत नाही.

आपल्या दिवाळी अंकात मी पूर्वी लिहिलं होतं की १९४७ साली दार उघडलं, पुढचं काळानं केलं. त्या वेळची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, पुढचंच वर्ष बघ ना. १९४८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, चौथा सामना डोबीच्या होमरननं जिंकून दिला, आणि त्याच्याच संघातल्या गोऱ्या पिचरनं, स्टीव्ह ग्रोमेकनं, त्याला गालाला गाल लावून मिठी मारली. तो फोटो खोटा आहे का? नाही. माझ्या टेबलावर आहे तो. पण बॉस्टन रेड सॉक्सला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९५९ उजाडलं. काळ आपणहून काही करत नव्हता. प्रत्येक शहरात कुणालातरी पुन्हा पहिल्यापासून बाजूला उभं राहावं लागत होतं.

आणि किंमत कुणी मोजली? ईगल्सची मालकीण एफा मॅनली. तिचा संघ १९४६ चा नीग्रो लीगचा विजेता. तिचा पिचर डॉन न्यूकम डॉजर्सकडे गेला, तिला एक सेंट मिळाला नाही. रॉबिन्सनसाठी रिकीनं त्याच्या आधीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सनाही काही दिलं नव्हतं. डोबीसाठी क्लीव्हलँडचा मालक बिल व्हेकनं निदान पैसे मोजले: १०,००० डॉलर, आणि तो संघात टिकला तर आणखी ५,०००. प्रेक्षक आपल्या खेळाडूंच्या मागोमाग मेजर लीगकडे गेले. १९४८ चा मोसम संपला आणि ईगल्स विकला गेला, न्यूअर्कमधून उठला.

इथे मला लगेच विचारतात, ‘मग काय, वेगळंच ठेवायला हवं होतं?’ मुळीच नाही. ती भिंत गोऱ्यांनीच घातली होती, आणि तिची एक वीट न्यूअर्कमध्येच बसली. १८८७ साली कॅप अ‍ॅन्सनच्या शिकागो संघानं न्यूअर्कचा कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही असेल तर खेळणार नाही म्हटलं आणि न्यूअर्कनं त्याला बसवलं. भिंत पडायलाच हवी होती. पण एकेक माणूस उचलण्याऐवजी आख्खे संघ, मालकांसकट, मॅनेजरांसकट आत घेता आले असते का? कधी वाटतं, हो. कधी वाटतं, जे मालक एका डोबीला खोली देत नव्हते ते मॅनलीबाईंना बैठकीत खुर्ची देणार होते? पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर यायला १९७५ साल लागलं. दुसरा, १९७८ साली, पुन्हा डोबीच.

कुणी दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंचं नाव काढतं. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर जिंकायचं आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचा. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालंच नाही, त्यांच्या भावाला, विठ्ठलना, १९२३ साली मिळालं. हे मला ‘सगळीकडे असंच असतं, सोडून द्या’ म्हणून सांगितलं जातं. मला तर त्याचमुळे सोडवत नाही.

१९८१ च्या सुमारास मेजर लीगमध्ये १८ टक्क्यांहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय अमेरिकन होते. आता ६ च्या आसपास आहेत. फुटबॉल, बास्केटबॉल, शिष्यवृत्त्या, कारणं बरीच आहेत. वस्तीतला स्वतःचा संघ जाण्याचा त्यात किती वाटा, यावर माझं माझ्याशीच एकमत होत नाही. पण आज मुलाला हा खेळ नीट शिकवायचा तर ट्रॅव्हल टीमला, म्हणजे गावोगावी जाऊन खेळणाऱ्या खाजगी संघाला, वर्षाला हजारो डॉलर लागतात, हे आपण जाणतो. आपण ते भरतो. पॅटर्सनमध्ये, डोबीच्या शाळेच्या आजूबाजूला, किती घरांना परवडतं?