कुऱ्हाडीला नाही, एकाच मापाला हरकत

‘झाडांवर एवढं लिहिता, मग ॲमेझॉनच्या पूरजंगलातल्या लाकूडतोडीला तुमचा विरोध कसा नाही?’ असं तुम्ही विचारलंत. बरेच जण विचारतात, आणि विचारताना थोडे रागावलेलेही असतात.

विरोध आहे, पण तो सगळ्या झाडांना एकच माप लावण्याला.

ब्राझीलमध्ये या जंगलाला वार्झेआ म्हणतात. अँडीजचा गाळ घेऊन आलेल्या नद्या दरवर्षी काठ ओलांडून आत शिरतात. सोलिमोंइस (ॲमेझॉनचंच तिथलं नाव) आणि जापुरा या नद्यांच्या संगमापाशी मामिराउआ हे राखीव क्षेत्र आहे. तिथे नदीची पातळी वर्षभरात दहा मीटरांच्या आसपास वरखाली होते. बुंधे कित्येक महिने पाण्यात असतात. मुळांना प्राणवायू पुरत नाही, अनेक जाती पानं गाळतात, खोडाची वाढ थांबते. पाणी ओसरलं की ती पुन्हा सुरू होते आणि त्या खंडाचं वर्तुळ लाकडात उमटतं. उष्ण कटिबंधातल्या झाडांचं वय वर्तुळांवरून सांगता येत नाही, असं पूर्वी सर्रास मानत. इथे पुरानेच ती सोय करून ठेवली आहे.

वनसंशोधक योखेन शोनगार्ट यांनी हीच वर्तुळं मोजून २००८ साली जातवार तोडीची पद्धत मांडली. तेव्हाचा रूढ नियम असा होता: खोडाचा ५० सेंमी व्यास भरला की झाड तोडणीला पात्र, आणि पुढची तोड २५-३० वर्षांनी. पण हलक्या लाकडाच्या काही जाती तेवढ्या जाड व्हायला वीस वर्षंही घेत नाहीत, तर पिरान्येइरासारख्या जड लाकडाच्या झाडाला शंभराहून अधिक वर्षं लागतात. त्याच्या बाबतीत तीस वर्षांनी परत येणं म्हणजे मुद्दल खाणं.

ओंडके काढायला इथे रस्ता लागत नाही. पाणी कमी असताना तोडायचं आणि पूर आला की तरंगवत न्यायचं. (पूर तोकडा पडला तर माल जंगलातच अडकतो.) जड लाकूड बुडतं, म्हणून आधी कुऱ्हाड पडली ती समाउमासारख्या हलक्या झाडांवर. प्लायवूडसाठी त्यांची बेसुमार तोड झाली. म्हणजे झाड लवकर वाढतं एवढ्यावर भागत नाही. बी धरणारे मोठे वृक्षही मागे ठेवावे लागतात.

तांबाकीसारखे मासे पुरात जंगलात शिरून फळं-बिया खातात. मामिराउआत लाकूड काढणारी माणसंच मासेमारीही करतात, म्हणजे फळं देणारं झाड गेलं तर तोटा त्यांचाच; त्यामुळे कोणतं झाड राखायचं याचा निर्णय त्यांच्या हाती असावा असं मला वाटतं. तोडीवर सरसकट बंदी घातली तर ही माणसं त्या हिशेबातून बाहेर पडतील आणि चोरटी तोड तेवढी चालू राहील.