ड्रॉइंगबाहेरचं काँक्रीट

पनवेल-कर्जत या नव्या उपनगरी मार्गाच्या बांधकामातला कार्बन मोजायला गेले, तेव्हा माझं सगळं लक्ष डिझेलवर होतं. डंपर, पोकलेन, जनरेटर यांची लॉगबुकं तपासण्यात आठवडा गेला. जळलेल्या लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, हिशेब सरळ. रुळांचंही तसंच. मीटरला 60 किलोचा रूळ, म्हणजे एका ट्रॅकच्या किलोमीटरला 120 टन पोलाद. काँक्रीट मी ऑफिसात बसून ड्रॉइंगवरून काढलं होतं.

29.6 किलोमीटरच्या या मार्गावर तीन बोगदे. वावर्ल्याचा सगळ्यात लांब, 2.6 किलोमीटरचा. एका सकाळी, रात्रीच्या ब्लास्टिंगचा मक, म्हणजे फुटलेला दगड, उचलून झाल्यावर, फोरमनकाका मला आत फेसपर्यंत, म्हणजे खोदकामाच्या टोकापर्यंत, घेऊन गेले. काळा बेसॉल्ट, वरून पाण्याची धार. काकांनी बॅटरीचा झोत कमानीच्या खांद्यावर टाकला.

“मॅडम, सर्व्हेवाल्यांनी काढलेली ती लाल खूण दिसते? तिथं आपलं ड्रॉइंग संपतं.”

खुणेच्या पलीकडे दगडाच्या सांध्यातून एक अख्खा ठोकळा निसटला होता. मी हात घातला, तर कोपरापर्यंत आत गेला.

“हे कशानं भरणार, काका?”

“काँक्रीटनंच की. दुसरं काय भरणार?”

पायाखाली करडे, ओलसर गोळे पडले होते. शॉटक्रीट, म्हणजे फवारायचं काँक्रीट, मारताना भिंतीला न चिकटता उडालेला माल, म्हणजे रिबाउंड. एक उचलून मुठीत दाबला, तर बोटांना सिमेंट लागलं. हा माल मकाबरोबर डंपिंगला जाणार होता. माझ्या शीटमध्ये तो कुठेच नव्हता.

बाहेर शेडमध्ये येऊन तिथल्या तिथे आकडेमोड केली. कमानीचा परीघ 20 मीटर धरला आणि सरासरी 10 सेंटीमीटर ओव्हरब्रेक, म्हणजे ड्रॉइंगच्या पलीकडे फुटलेला दगड, तर एका रनिंग मीटरला 2 घनमीटर जादा काँक्रीट. घनमीटरला 400 किलो सिमेंट आणि किलोमागे 0.8 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर 640 किलो. हे जवळपास 240 लिटर डिझेल जाळल्यासारखं, बोगद्याच्या एकेका मीटरला! आठवडाभर मी लिटर-लिटरचा पाठलाग करत होते, आणि मोठा आकडा त्या कमानीत होता. सिमेंटचं दुखणं मुळातलं आहे. चुनखडी भट्टीत तापली की कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच सुटतो, इंधन कुठलंही वापरा.

जुनी शीट मी बाजूला ठेवली. काँक्रीट बनवणाऱ्या बॅचिंग प्लांटवरून मालाच्या डिलिव्हरी चलनांचे गठ्ठे मागवले आणि दर 10 मीटरला किती माल ड्रॉइंगप्रमाणे लागायला हवा होता, किती खरोखर गेला, हे लावत बसले. चलनांवर चेनेज, म्हणजे माल बोगद्यात कितव्या मीटरला लागला ती नोंद, नव्हता, तिथे काम अडलं. काकांना विचारलं. ते म्हणाले, “आजपासून लिहायला सांगतो.”

त्या रात्री कमानीच्या कडेची सुरुंगाची होलं मारताना ते स्वतः ड्रिलिंगपाशी उभे राहिले, असं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर त्यांनी पाठवलेला फोटो आला. मिक्सरचं चलन, त्यावर बॉलपेननं चेनेज, आणि खाली, मी सांगितलेलं नसताना, “ओव्हरब्रेक 6 सेमी.”