निऑनची निळी रेघ

रविवार, रात्री साडेनऊ. दोन फुटी टाकी, बारा निऑन टेट्रा (निळ्या रेघेचे छोटे मासे), अगदी जवळून फोटो काढायची १०० मिमीची मॅक्रो लेन्स.

निऑनच्या फोटोचं निम्मं काम कॅमेरा हातात घेण्याआधीच होतं. बाहेरची काच सगळेच पुसतात. आतलं पातळ शेवाळ डोळ्यांना जाणवतही नाही आणि फोटोत धुक्यासारखं उतरतं. जुनं एटीएम कार्ड काचेला टेकवून वरून खाली ओढलं की निघतं. सुटलेला गाळ फिल्टरला तासभर ओढू द्यायचा, मग दहा मिनिटं फिल्टर बंद. नंतर तो चालू करायचा हमखास राहतो, म्हणून लेन्सचं झाकण त्याच्या प्लगपाशीच ठेवावं.

पाणी आदल्या दिवशीच बदलावं. त्याच दिवशी बदललं तर नळाच्या पाण्यात विरघळलेल्या हवेचे बारीक बुडबुडे काचेला आणि पानांना चिकटून बसतात.

खोलीतले दिवे, टीव्ही, सगळं बंद. अंगात काळा टी-शर्ट; पांढरा बनियन काचेत दिसतोच. लेन्स काचेला काटकोनात. तिरकी धरली की काच आणि पाणी प्रकाश वाकवतात, माशाला रंगीत किनार येते, मग फोकस कितीही फिरवा, खवले सुटे दिसत नाहीत.

निळी रेघ हे रंगद्रव्य नाही. कातडीतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक थरांनी रचलेले असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश निळा दिसतो. मासा जरा वळला की तीच रेघ हिरवट होते. अंधारात राहिलेला निऑन तर फिका, जांभळट असतो. टाकीचा दिवा लावल्यावर त्याला अर्धा-पाऊण तास द्यायलाच हवा. रंग पुढे सॉफ्टवेअरमध्ये चढवता येतो म्हणतात. चढवलेला लगेच ओळखू येतो.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काचेवरून सरळ परत येतो, पांढरा ठिपका पडतो. फ्लॅश सुटा करून झाकणाच्या काचेवर, तोंड खाली, ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६. झाकणाखाली साचलेले थेंब आधी पुसायचे. शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००.

फ्लॅश नसेल तर १/२५०, एफ/४, आयएसओ १६०० ते ३२००. फोटोत आडवे पट्टे आले तर दोष स्वस्त एलईडीचा: आपल्याकडच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/१०० केलं की पट्टे जातात, पण पोहणारा मासा फोटोत हललेला येतो.

मासा जेमतेम तीन सेंटिमीटरचा. इतक्या जवळून एफ/८ लाही दोन-तीन मिलिमीटरच धारदार येतं. म्हणून तो काचेला समांतर हवा आणि फोकस डोळ्यावर. निऑन दोन झटके मारतो आणि थबकतो. बटण तेव्हा दाबायचं. माशांना खाणं मात्र सगळं आटोपल्यावर, नाहीतर पुन्हा कण तरंगतात.