पाळणाघरात कॅमेरा आहे, तपासनीस कुठे आहे?

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातील चित्रफीत महाराष्ट्रात घरोघरी पाहिली गेली. दहा महिन्यांच्या मुलीला तिथली आया मारत होती, आपटत होती. मुलीच्या अंगावरच्या खुणा पाहून आईवडिलांनी तक्रार केली, त्यानंतर कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले गेले आणि खरा प्रकार उघड झाला. तेव्हापासून पाळणाघर शोधणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न 'कॅमेरे आहेत ना?' हा असतो, आणि पाळणाघरेही आपल्या पाटीवर ही सोय ठळकपणे लिहितात. मला या प्रश्नाचे नेहमी नवल वाटत आले आहे. खारघरच्या त्या खोलीतही कॅमेरा होता. त्याने घडले ते सारे टिपले, पण आयाचा हात काही धरला नाही.

मी अनेक वर्षे एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून काम केले. अंगणवाड्यांना भेटी देणे, नोंदवह्या पाहणे, मुलांची वजने पुन्हा घेऊन पाहणे हे माझे रोजचे काम होते. सरकारी अंगणवाडीत खिचडी पातळ झाली तरी विचारणारा कोणीतरी असतो, पण त्याच गल्लीतल्या खासगी पाळणाघरात सहा महिन्यांची दहा बाळे दिवसभर असतात आणि तिथे पाऊल टाकण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, ही गोष्ट मला तेव्हाही टोचत असे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाना अधिनियम, १९४८ नुसार तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावेच लागत असे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर टाकली. हे सगळे मालकाने सोय द्यावी यासाठीचे कायदे आहेत. गल्लीत, सोसायटीत, बंगल्याच्या तळमजल्यावर स्वतंत्रपणे चालणारे पाळणाघर त्यांच्या कक्षेत येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे बालसंगोपन संस्थांना नोंदणी सक्तीची आहे, परंतु ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांना; सकाळी सोडून संध्याकाळी घरी न्यायची मुले त्या व्याख्येत बसत नाहीत. राहता राहिला दुकाने व आस्थापनांचा कायदा, म्हणजे लोकांच्या भाषेत गुमास्ता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर तिथेही नोंदणी लागत नाही, नुसती सूचना दिली की काम भागते. दोन आया आणि एक ताई यांच्यावर चालणाऱ्या पाळणाघराची गणना अशा रीतीने झेरॉक्सच्या दुकानाबरोबर होते.

शिक्षेची तरतूद मात्र कडक आहे. त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे, ज्या संस्थेकडे मूल सोपवले आहे तिथल्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने मुलाला क्रूरपणे वागवले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे इजा झाल्यावर पोलीस आहेत, न्यायालय आहे, तुरुंग आहे. इजा होण्याआधी त्या दारातून आत येणारे कोणी नाही.

आता हाताळणीविषयी, कारण तपासणीत नेमके काय पाहायचे हे त्यावरच ठरते. पाळणाघरातल्या इजा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मारहाण येते, पण दुष्टपणा नसतानाही बाळाला गंभीर इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू दुबळे असतात. रडून हैराण केलेल्या बाळाला दंड धरून काही सेकंद जोरात गदागदा हलवले तरी कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या नाजूक शिरा तुटू शकतात, मेंदूभोवती रक्त साकळते, डोळ्यांच्या आत रक्तस्राव होतो. अंगावर बाहेरून अनेकदा ओरखडाही नसतो. कॅमेऱ्यात हे दिसले तरी 'जरा हलवलं' एवढेच दिसते. हा प्रकार बहुधा रडण्यापाशीच सुरू होतो, आणि रडणे हा काही बाळाचा दोष नव्हे. म्हणून बाळ थांबत नसेल आणि आपला तोल सुटू लागला असेल तर त्याला पाळण्यात उताणे ठेवावे, दुसरीला हाक मारावी आणि पाच मिनिटे बाहेर जाऊन उभे राहावे, हे प्रत्येक आयाला कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलेले असावे. तसे केल्याबद्दल तिला कोणी बोल लावता कामा नये. अर्थात हाक मारायला दुसरी बाई हजर हवी, आणि पाळणाघरात कोणत्याही वेळी किमान दोन मोठी माणसे असावीत हा नियम मला त्यासाठीच इतर सगळ्या नियमांच्या वरचा वाटतो.

जरा मोठ्या, चालू लागलेल्या मुलांची तऱ्हा वेगळी. घाईत एका हाताला धरून उचलले, किंवा रुसून खाली बसलेल्या मुलाला मनगटाला धरून ओढले, की कोपराचे हाड जागेवरून किंचित सरकते. मूल तो हात लोंबता ठेवते, वापरत नाही, हात लावू देत नाही. डॉक्टर तो बहुधा क्षणात बसवतात, आणि आपल्याकडे 'हात निखळला होता, बसवून आणला' असे म्हणून विषय संपतो. पण एकाच पाळणाघरातील दोन मुलांचे हात एका वर्षात निखळले, तर तिथे मुलांना काखेत हात घालून, दोन्ही हातांनी उचलण्याची सवय नाही, असा अर्थ तपासनीसाने काढायला हवा. असा अर्थ काढायचा तर किरकोळ दुखापतीही त्याच दिवशी वहीत लिहिलेल्या असायला हव्यात.

झोपेचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्या चांगल्या हेतूच्या सवयीही आड येतात. बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी आणि मऊ पांघरुणे न ठेवता झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पालथे न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण पुढच्या काळात निम्म्याहून खाली आले. तरीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के मृत्यू बाळ सांभाळायला दिलेले असताना झाल्याचे आढळले, आणि त्यांतले अनेक बाळ सांभाळायला देऊ लागल्याच्या अगदी पहिल्या आठवड्यात. कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. घरी उताणे झोपणाऱ्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईने 'पालथं चांगलं झोपतं' म्हणून पालथे झोपवले, तर सवय नसलेल्या त्या बाळाला धोका अधिक असतो. आपल्याकडे यात मोहरीची उशी, झोळी आणि दुपट्यात घट्ट बांधणे यांची भर पडते. आजीच्या डोळ्यांसमोर मोहरीच्या उशीवर झोपलेले एक बाळ वेगळे, आणि दुपारी बाकीच्यांना जेवू घालणाऱ्या आयाच्या भरवशावर ओळीने झोपवलेली आठ बाळे वेगळी. पाळणाघरात मला यांपैकी काहीही नको वाटते.

इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टजवळच्या एका पाळणाघरात मे २०२२ मध्ये नऊ महिन्यांची एक मुलगी दगावली. तिला कपड्यात घट्ट गुंडाळून, बीनबॅगवर पालथे ठेवून, पट्ट्याने बांधून दीड तासाहून अधिक काळ तसेच राहू दिले होते. तिथल्या उपव्यवस्थापक बाईला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली, आणि खटल्यात मुख्य पुरावा होता तो कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. तिथेही कॅमेरा होता, आणि शिवाय ते पाळणाघर सरकारी यंत्रणेकडे नोंदलेले होते. परवान्याचा कागद भिंतीवर टांगला की मूल सुरक्षित झाले असे मी म्हणत नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे. परंतु त्या देशात दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक मोठे माणूस असावे असा नियम आहे, आणि त्यामुळे नियम मोडला गेला हे मोजून दाखवता येते. आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. रांगती-चालती मुले असतील तर ते कसेबसे चालेल. सगळी तान्ही असतील तर अशक्य आहे. इमारतीत धूर झाला तर एका बाईने दहा बाळे खाली कशी न्यायची, एवढा एकच प्रश्न हे प्रमाण ठरवणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

हात कमी पडले की बाळांना झोपवून ठेवण्याकडे कल जातो, आणि हा अनुभव मुंबईइतका जुना कोणत्या शहराला असेल? १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. बाळागोळी या नावाने ती सर्रास मिळत असे. पाळी संपेपर्यंत मूल रडू नये, शेजारणीला त्रास होऊ नये, एवढाच त्या मातांचा हेतू. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोलीची सक्ती करण्याचा अधिकार सरकारांना दिला, आणि तेव्हापासून कारखान्यातले पाळणाघर हा तपासनीसाच्या कक्षेतला विषय झाला. बाळागोळी गेली, पण सर्दीचे गुंगी आणणारे औषध अजून फडताळात असते. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. पाळणाघरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय थेंबभरही औषध दिले जाऊ नये, आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळ लिहिलेली असावी.

परवान्याची गोष्ट काढली की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की घरच्या घरी पाच-सहा मुले सांभाळून संसाराला हातभार लावणारी बाई या कागदपत्रांत भरडली जाईल. दुसरा असा की तपासनीस आला की हप्ता आला. दोन्ही आक्षेप खरे आहेत, मी ते नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. म्हणूनच नोंदणी विनाशुल्क असावी, मोठ्या केंद्रांसाठी अटी वेगळ्या आणि घरगुती पाळणाघरांसाठी मोजक्या असाव्यात, आणि तपासणीचा निष्कर्ष संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावा. अमेरिकेत २०१४ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक केंद्रांची वर्षातून किमान एकदा पूर्वसूचना न देता तपासणी करणे, तिचा निष्कर्ष जाहीर करणे आणि सेविकांना सुरक्षित झोप तसेच बाळाला हलवण्याचे धोके यांचे प्रशिक्षण देणे राज्यांवर बंधनकारक केले. निष्कर्ष जाहीर होत असेल तर हप्ता घेऊन गप्प बसलेल्या तपासनीसाचे नावही पुढे वाचता येते. आपल्याकडे प्रकल्पस्तरावर पर्यवेक्षिका आहेत, आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहेत. दोघींनी मिळून अचानक भेट द्यायला वेगळे खाते उभारावे लागणार नाही. फक्त अधिकार लागेल, आणि आधीच ओझ्याने वाकलेल्या पर्यवेक्षिकांची संख्या वाढवावी लागेल. दुसरे काम सरकार टाळेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

सेविकांच्या पगाराविषयी लिहिले नाही तर हे सगळे अन्यायाचे होईल. महिना चार-पाच हजारांत आठ-दहा तास काम करणारी आया वर्षभर टिकत नाही, आणि टिकत नाही म्हणून तिला शिकवण्यावर कोणी खर्च करत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छताखाली आणली, तेव्हा पाळणाघर सांभाळणारी बाईसुद्धा शिक्षणाचा भाग मानली होती. आज ती झाडू-पोछ्याच्या पगारात मोजली जाते, आणि तिच्याकडून आईच्या सहनशीलतेची अपेक्षा केली जाते.

हे सारे होईपर्यंत पालकांच्या हाती एक तपासणी आहे आणि तिला परवाना लागत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरात आईला दिवसातून चार वेळा जाण्याचा हक्क दिला आहे. गल्लीतल्या पाळणाघराला तो लागू नाही, पण तसे लेखी मागून घेता येते. मधेच केव्हाही, न सांगता, झोपेच्या वेळी जाऊन पाहावे: बाळे उताणी आहेत का, खोलीत मोठी माणसे किती, दुखापतींच्या वहीत शेवटची नोंद कधीची. वही वर्षभर कोरी असेल तर ती लिहिली जात नाही असे धरून चालावे. 'पालक मधेच आले की मुलं रडतात, म्हणून आम्ही दाराबाहेरच थांबवतो' असे जिथे सांगतील तिथे माझ्या नातवंडाला मी एक दिवसही ठेवणार नाही, मग तिथे कॅमेरे कितीही असोत.